आता बरं वाटतंय म्हणे!

आज दुपारी ऑफिसात एका सहकारी बाईंचं तोंड बोलता बोलता वाकडं झालं. शब्द अडखळले, हातातलं पेन गळून पडलं. कुणीतरी लगेच रुग्णवाहिकेला फोन केला, इथवर सगळं झकास. पाच-दहा मिनिटांत चेहरा सरळ, बोलणं स्वच्छ. बाई ओशाळं हसत म्हणाल्या, "आता बरं वाटतंय गं." आणि आमच्यातल्या एका अतिशहाण्याने परस्पर फोन करून गाडी रद्द केली! वर मलाच म्हणतो, "उगाच कशाला बाऊ करतेस?"

मी पुन्हा फोन लावला. त्यानंतर आमचं जे वाजलं ते इथे लिहीत नाही. (फ्रेंडलिस्टमध्ये आहे तो. वाच बाबा.)

अरे, तोंड-हात-वाचा काही मिनिटं जाते आणि परत येते, त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं आणि पुन्हा वाहू लागलं. पुढच्या 48 तासांत मेंदूचा खरा झटका, म्हणजे पक्षाघात, येण्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे दवाखाना गाठायची वेळ नेमकी हीच. आणि आपण काय करतो, तर गाडी परत पाठवतो.

माझं डोकं एवढं फिरायचं कारण माझे काका. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं पेनकिलर खायचे. एका संध्याकाळी पोटात अशी कळ आली की उभ्याचे वाकले. घाम, चेहरा पांढराफटक. रात्री मात्र कळ ओसरली. "झोपू द्या मला, बरं वाटतंय." घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं. एकट्या काकू अडून बसल्या. एरवी दहा वेळा कूस बदलणारा माणूस पाठीवर ओंडक्यासारखा पडलाय, हे त्यांना पटेना. त्यांनीच गाडी बोलावली.

गाडीतून आलेल्या बाईंनी आधी दिवा लावला आणि नुसत्या काकांच्या पोटाकडे बघत राहिल्या. श्वास चालू, पण पोट हलतच नव्हतं. सगळा श्वास वर छातीत, आखूड आखूड. मग त्यांनी अंगाखालची चादर जराशी ओढली. काकांनी दात आवळले. बस्स, तेवढ्यावर त्यांनी स्ट्रेचर मागवलं.

त्या पेनकिलरनी जठरात झालेला अल्सर, म्हणजे आतली जखम, फुटला होता. जठरातलं आम्ल पोटात सांडतं तेव्हा जीवघेणं दुखतं. मग शरीर तिथे पाणी सोडतं, आम्ल पातळ होतं, काही तास आराम वाटतो. आत जंतू पसरतच असतात. मुतखड्याचा पेशंट तळमळतो, लोळतो, घर डोक्यावर घेतो. ज्याच्या पोटात काही फुटलंय तो हलत नाही. आणि आपण कुणाकडे धावतो? ओरडणाऱ्याकडे!

डोक्याला मार लागून क्षणभर बेशुद्ध झालेला माणूस उठून बसतो, गप्पा मारतो, आणि कवटीच्या आत रक्त साचून काही तासांनी पुन्हा आडवा होतो. मधुमेही माणूस साखर उतरल्यामुळे बरळतो, कधी हुबेहूब झटका आल्यासारखा दिसतो, साखर दिली की ताळ्यावर येतो. पण काही गोळ्यांचा असर इतका लांबतो की तासांनी साखर पुन्हा घसरते. सगळीकडे मधे तेच: बरं वाटतंय.

हो, मान्य, बहुतेक पोटदुखी साधीच असते आणि दर डोकेदुखीला गाडी बोलवायची नसते. पुढे?

पेशंटचा मला राग नाही. काका नंतर म्हणाले, तुमची सगळ्यांची झोपमोड नको म्हणून बोललो. ऑपरेशन होऊन, नळ्या लागलेल्या अवस्थेत हे सांगत होते. आजच्या बाईही सगळे भोवती जमलेले बघून लाजल्याच असणार. आजारी माणूस आपली समजूत काढत असतो हो. ती काढून घेऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे. काकूंनी घेतली नाही.

आणि घड्याळ बघा. मेंदूच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे 4.5 तासांच्या आतच देतात, आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर हात लुळा दिसला, तर रात्री झोपताना कसा होता तेही सांगावं लागतं. म्हणून वेळ कागदावर लिहा, "मघाशी" म्हणू नका.

गोळ्यांचे डबे घेऊन धावणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. तोंड वाकडं झालेल्याला ॲस्पिरिन चारू नका. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तुम्ही त्यात भर घालता. पाण्याचा घोटही नको, गिळता येत नसेल तर तो फुप्फुसात जातो. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, कुशीवर झोपवा, आणि पेशंट उठून बसला, हसला, चहा मागितला, तरी बोलावलेली गाडी रद्द करू नका.