मातृभाषा येणे आणि भाषा शिकवता येणे : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या परिचितांकडून आला आणि चौघांनीही तो सहमतीने पाठवला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे : भाषा शिकवायला विद्यापीठाची पदवी लागत नाही, ज्याची ती मातृभाषा आहे तोच तिचा खरा शिक्षक. पुराव्यादाखल त्यात पाच गोष्टी दिल्या आहेत. आईने आपल्याला पदवीशिवायच भाषा शिकवली. व्याकरण हे बोलणाऱ्याच्या रक्तातच असते. जुने मोठे भाषापंडित पदवीधर नव्हते. परदेशी संशोधनानेही पदवीने फरक पडत नाही असे दाखवले आहे. आणि पदवीधर शिक्षकांकडे दहा वर्षे इंग्रजी शिकूनही आपल्या मुलांना बोलता येत नाही. म्हणून शाळांनी मराठीच्या शिक्षकांसाठी बी.एड. वगैरे अटी काढून टाकाव्यात, अशी शेवटी मागणी आहे.

ही मागणी वाऱ्यावर सोडून देण्यासारखी नाही. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, त्यामुळे घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवू शकतील अशा शिक्षकांची गरज वाढली आहे. मराठी बोलता येणारा कोणीही माणूस त्या वर्गावर उभा केला तर चालेल का, हा म्हणूनच खरोखरीचा प्रश्न आहे. मी अनेक वर्षे अमराठी प्रौढांना मराठी शिकवते आणि माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. त्या मजकुरातली एक तक्रार मला खरी वाटते, तिच्याकडे मी शेवटी येईन. पण सगळ्या दाव्याचा भार ज्या मुद्द्यावर उभा आहे, तो आधी घेते.

‘व्याकरण बोलणाऱ्याच्या रक्तातच असते.’ असते, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी वर्गात बँकेत नोकरी करणारे एक बंगाली गृहस्थ होते. त्यांनी विचारले, ‘बाई, भिंतीवर म्हणायचे, तर मग विटीवर का नाही? विटेवर का?’ भिंत आणि वीट हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि दोन्ही अकारान्त आहेत. जन्मापासून मराठी बोलत असूनही माझ्याजवळ एकच उत्तर होते, ‘तसेच म्हणतात.’ त्यांनी वहीत दोन्ही रूपे लिहून घेतली आणि समोर ‘पाठ करणे’ असा शेरा मारला. पुढच्या आठवड्यात त्यांनी ‘विहिरेत’ आणि ‘चिंचीचा’ असे लिहून आणले, तेव्हा दोष त्यांच्या पाठांतराचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

त्याचे उत्तर मला पुढे भाषाविज्ञानाचा रीतसर अभ्यास करताना मिळाले, आणि ते इतके सोपे आहे की ते आपल्याला कधीच सांगितले गेले नाही याचे आजही वाईट वाटते. अशा शब्दाचे अनेकवचन आधी करून पाहावे. अनेकवचन ईकारान्त होत असेल तर प्रत्ययापूर्वी ‘ई’ येते : भिंत, भिंती, भिंतीवर, विहीर, विहिरी, विहिरीत, म्हैस, म्हशी, म्हशीला. अनेकवचन आकारान्त होत असेल तर ‘ए’ येते : वीट, विटा, विटेवर, चिंच, चिंचा, चिंचेचा, सून, सुना, सुनेला. मराठी माणूस हा नियम दिवसभर पाळतो आणि असा काही नियम आहे हेच त्याला ठाऊक नसते. शिकणाऱ्याला मात्र तो एकदा कळला की दोन वेगळे पाढे पाठ करावे लागत नाहीत. अनेकवचन येत असले की सामान्यरूपही येते.

अशी आणखी कितीतरी स्थळे आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांत ज चे दोन निराळे उच्चार आहेत, पण लिपीत त्याची काही खूण नाही. आपल्याला ते दोन वेगळे ध्वनी आहेत हे जाणवतही नाही, त्यामुळे आपण विद्यार्थ्याला नुसते ‘नीट ऐका’ असे सांगत राहतो. जीभ एकदा टाळूला आणि एकदा दातांजवळ लावायची आहे, हे ज्याने ध्वनिविचार शिकलेला आहे तोच सांगू शकतो.

शिवाय शिक्षकाला मराठीइतकेच समोरच्याच्या भाषेविषयीही काही ठाऊक असावे लागते. हिंदीभाषक विद्यार्थी हमखास ‘त्याने मराठी शिकली’ म्हणतो, कारण हिंदीत ‘उसने मराठी सीखी’ असते. आपल्याकडे शिकणे, विसरणे, पिणे या क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात कर्तरी प्रयोगच होतो, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते : तो मराठी शिकला, ती निरोप विसरली, तो पाणी प्यायला. ही क्रियापदे मोजकी आहेत. त्यांची यादी पहिल्या महिन्यातच हातात दिली तर वर्षभराच्या चुका वाचतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक याच विद्यार्थ्याला अतिशय जड जातो, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी ‘हम’ हा एकच शब्द आहे, आणि ‘आपण’ ऐकल्यावर त्याला आदरार्थी ‘आप’ आठवते. तमिळभाषकाला मात्र तेच दोन मिनिटांत समजते. त्याच्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून ‘नाम’ आणि वगळून ‘नांगळ’ असे दोन शब्द आधीपासून आहेत. कोण कुठे अडखळणार हे आधी ओळखणे हेच भाषाशिक्षकाचे निम्मे काम आहे, आणि हे ज्ञान मातृभाषेबरोबर मिळत नाही.

आईच्या उदाहरणाला फार वेळ द्यावा लागणार नाही. मूल दिवसातले दहा तास भाषेच्या सहवासात असते असे धरले, तर तीन वर्षांत ते सुमारे 11,000 तास होतात, आणि इतके करूनही ते तीन वर्षांच्या मुलासारखेच बोलते. माझ्या वर्गाला आठवड्यातून दोनदा दीड तास मिळतो, म्हणजे तीन महिन्यांत 39 तास. त्या 39 तासांत माणसाला कार्यालयात, दवाखान्यात आणि भाजीबाजारात उभे राहता आले पाहिजे. आई भाषा देते, तिला शिकवावी लागत नाही. वेळ आणि सहवास ते काम करतात. ज्याच्याजवळ ते दोन्ही नाही त्याच्यासाठी काय आधी आणि काय नंतर याची निवड कोणीतरी जाणकाराने करावी लागते.

जुन्या पंडितांचा मुद्दा इतिहासाला धरून नाही. त्या मजकुरात मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांची नावे आहेत. दादोबांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले आणि मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. जी पदवी अस्तित्वातच नव्हती ती त्यांच्याजवळ नव्हती, यावरून काय सिद्ध होते? उलट त्याच काळात, 1840 च्या दशकात, मुंबईत शिक्षक घडवण्यासाठी नॉर्मल स्कूल निघाले आणि त्याचे काम बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवले गेले. म्हणजे शिकवणे हे शिकावे लागते हे त्या पिढीला पुरते उमगलेले होते. केरी तरुणपणी चांभारकाम करत होते आणि पदवीधर नव्हते हे खरे, पण मराठी त्यांची मातृभाषाही नव्हती. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत ते पंडितांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासाच्या बळावर, आणि 1805 साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. ज्या माणसाचे उदाहरण मातृभाषेच्या बाजूने दिले आहे, तो माणूस अभ्यासाच्या बाजूचा साक्षीदार आहे.

अलीकडच्या काळातले उदाहरण हवे असेल तर फलटणकडे पाहावे. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून भाषाविज्ञानाची पीएच.डी. मिळवली, आणि तीही फलटणच्या बोलीचा अभ्यास करून. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण आणि पाठ्यपुस्तके तयार केली, आणि फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढून मराठी मुलांना मराठीच वाचा-लिहायला शिकवण्याचे काम उभे केले. जन्माने मराठी असलेल्या आणि नसलेल्या दोन अभ्यासक एकत्र येतात तेव्हा काय घडू शकते, ते त्या पुस्तकांत दिसते.

संशोधनाच्या मुद्द्यात एक फसगत दडलेली आहे, आणि ती बहुधा मजकूर लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेली नाही. अमेरिकेतल्या शाळांवरच्या अनेक अभ्यासांत, एम.ए.च्या दर्जाची पदवी असलेल्या शिक्षकांचे विद्यार्थी इतरांपेक्षा फारसे पुढे गेलेले आढळत नाहीत, हे खरे आहे. पण त्या अभ्यासांतले ‘इतर’ कोण आहेत? तिथल्या सरकारी शाळांत शिक्षक व्हायला किमान पदवी लागते, म्हणजे तेही पदवीधरच आहेत. पदवीधरांमध्ये आणखी एका पदवीने किती फरक पडतो, एवढेच त्या आकड्यांतून कळते. पदवीच नसलेल्या माणसाविषयी ते आकडे काही सांगत नाहीत, आणि मातृभाषेविषयी तर अजिबातच नाही.

आता ती खरी तक्रार. दहा वर्षे इंग्रजी शिकून बोलता येत नाही, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, आणि तरी दहावी झालेली कितीतरी मुले-मुली चार वाक्ये सलग बोलताना घाबरतात. मजकुराचा निष्कर्ष असा की पदवी निरुपयोगी आहे. पण त्या शिक्षकाची पदवी कशातली असते, हे कोणी विचारते का? इतिहासात बी.ए. केलेल्या माणसाकडे इंग्रजीचे तास सोपवले जातात. इंग्रजी किंवा मराठी घेऊन एम.ए. केलेल्याने मुख्यतः साहित्य अभ्यासलेले असते. संतकाव्यापासून नवकवितेपर्यंत तो बोलू शकतो, पण भाषाविज्ञान त्याच्या वाट्याला एखाद-दुसऱ्या अभ्यासपत्रिकेपुरतेच आलेले असते, आणि परभाषकाला भाषा कशी शिकवावी हे तर बहुतेक ठिकाणी आलेलेच नसते. साहित्याची पदवी भाषाशिक्षणाची पदवी म्हणून वापरली जाते, ही आपल्याकडची जुनी गफलत आहे, आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांच्या मी पूर्णपणे सोबत आहे.

पण त्यावरचा उपाय योग्य अभ्यास हा आहे. परदेशी भाषा शिकवणारे लोक हे कसे करतात ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवणारी बहुतेक मंडळी मराठीच असतात. जर्मन त्यांची मातृभाषा नसते, आणि त्यांचे विद्यार्थी जर्मनीत जाऊन शिकतात आणि नोकऱ्या करतात. परभाषकांसाठी मराठीचा ‘माय मराठी’ हा टप्प्याटप्प्यांचा पाठ्यक्रम मुंबई विद्यापीठात तयार झाला तोही जर्मन विभागाच्या पुढाकाराने. भाषा बाहेरून कशी दिसते हे ज्यांनी पदवीच्या अभ्यासात शिकलेले होते, त्यांना आपलीच भाषा बाहेरून पाहता आली.

मातृभाषक म्हणजे शिक्षक, या समजुतीचा सर्वांत मोठा फटका ज्यांना बसतो ती मुले शहरातल्या इंग्रजी शाळांत नाहीत, मेळघाटात आणि गडचिरोलीत आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे, गोंडी द्राविड कुळातली. मराठीतली तीन लिंगे त्या मुलांच्या घरच्या भाषेत नाहीत. पहिलीतले मूल ‘माझा आई’ म्हणाले की प्रशिक्षण नसलेल्या मराठीभाषक शिक्षकाला ते मूल मंद वाटते. ज्याने दुसऱ्या भाषेचे शिक्षण कसे होते हे अभ्यासले आहे, त्याला कळते की मूल अगदी शहाण्यासारखे वागते आहे आणि आपल्या भाषेची घडी मराठीवर बसवून पाहते आहे. हेच ‘पानी’ आणि ‘व्हतं’ म्हणणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीतही घडते. भाषेची पद्धतशीर ओळख नसलेला माणूस त्याला अशुद्ध म्हणतो आणि मूल वर्गात बोलायचे बंद होते. बोलायचे बंद झालेल्या मुलाला मग कोणतीच भाषा शिकवता येत नाही.

याच ठिकाणी पदवीच्या अटीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, जो त्या मजकुरात नाही पण असायला हवा होता. ही अट कडक ठेवली तर दोन्ही भाषा जाणणारी गोंड किंवा कोरकू मुलगी, जी बारावीनंतर पुढे शिकू शकली नाही, ती वर्गाबाहेर राहते, आणि तिच्याजवळ जे आहे ते कोणत्याही बी.एड. झालेल्या शिक्षकाजवळ नसते. हे मला मान्य आहे. तिला वर्गात आणलेच पाहिजे, आजच आणले पाहिजे, पगार देऊन, शिक्षकाच्या बरोबरीने. पण ‘भाषा येते ना, मग शिकव’ एवढे म्हणून तिला एकटीला फळ्यापुढे उभे करणे हा तिच्यावरही अन्याय आहे. तिच्यासाठी अभ्यासक्रम मेळघाटातल्या धारणीपर्यंत आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीपर्यंत गेला पाहिजे, तो तिच्या भाषेपासून सुरू झाला पाहिजे, काम करता करता पुरा होण्यासारखा असला पाहिजे, आणि त्याच्या शेवटी तिला मिळणारी पदवी पुण्या-मुंबईच्या पदवीइतक्याच मोलाची असली पाहिजे.