घड्याळाची चाचणी हवीच, पण शाळा न पाहिलेल्या आजींचं काय?

कर्करोगाच्या वयस्कर रुग्णांची केमो सुरू करण्याआधी स्मरणशक्ती तपासावी, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं अगदी पटलं. त्यासाठीच्या 'मिनी-कॉग' या छोट्या चाचणीला जेमतेम तीन मिनिटं लागतात. तीन शब्द लक्षात ठेवायचे, कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, मग ते शब्द परत सांगायचे. पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी. 'आस्को' या अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्येच ६५ वर्षांपुढच्या केमोच्या रुग्णांसाठी अशी तपासणी सुचवली आहे.

माझ्या सासऱ्यांना कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या होत्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग सात दिवस बंद. ओपीडीत "गोळ्या वेळेवर घेता ना आजोबा?" या प्रश्नाला धाकटे दीरच "हो हो" म्हणून मोकळे व्हायचे. बंदच्या आठवड्यातली फोडलेली स्ट्रिप सासूबाईंना उशीखाली सापडली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते बंदच्या दिवसांतही गोळ्या घेत होते. म्हणून प्रश्न रुग्णालाच विचारा आणि उत्तरही त्यालाच देऊ द्या.

लेखात एक गोष्ट मात्र राहिली. ज्या आजींनी कधी हातात पेन्सिल धरली नाही, त्यांचे घड्याळात गुण गेले तर तो विसराळूपणा नव्हे. निरक्षरांसाठी हिंदीत 'एचएमएसई' (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही स्मरणशक्ती-आकलनाची चाचणी आहे. आपल्याकडच्या ओपीडीतही तशीच, बोलीतली चाचणी वापरायला हवी.

आणि गुण कमी आले म्हणून उपचार नाकारू नका हो. त्यामागे दुसरं कारणही असू शकतं, म्हणून आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, ऐकू येतंय का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, एवढं तरी बघा.