खुलासा : मी ज्वलन सोडलेलं नाही

आमच्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवसांपासून फिरतंय : "इंजिनच्या ज्वलनावर पीएचडी केली, तिथे काही जमलं नाही म्हणून नॅनो-पदार्थांत घुसले. मेकॅनिकलवाल्याला केमिस्ट्री काय कळणार?" नाव टाकलेलं नाही, पण धरमपेठेत भाजी घेतानाही लोक विचारायला लागले, म्हणून लिहितो.

पीएचडी डिझेलच्या काजळीवर होती, हे खरं. पण आजी समईवर पितळी वाटी धरून काजळ पाडायची ना, त्या काजळीचा एकेक मूळ कण साधारण १० ते ५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). म्हणजे नॅनो मी पहिल्या दिवसापासून मोजत होतो. तेव्हा त्याला प्रदूषण म्हणत, एवढंच.

आता करतो तेही ज्वलनच. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया (हो, शेतात टाकतात तोच) पाण्यात विरघळवून ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं. उकळतं, फसफसतं, भक्कन ज्योत उठते आणि पाचेक मिनिटांत बशीत पांढरी, भुसभुशीत ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील यांच्या गटाने ही पद्धत १९८०च्या दशकात काढली. इंधन (इथे युरिया) किती, ऑक्सिडायझर (ऑक्सिजन पुरवणारं, इथे नायट्रेट) किती, हा हिशोब इंजिनातलाच.

केमिस्ट्री कच्ची होती, हे मात्र मान्य. क्ष-किरण विवर्तनाचा (पदार्थाची स्फटिकरचना ओळखायच्या चाचणीचा) आलेख वाचायला एमएस्सीच्या पोरांकडून शिकलो, नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद पडलेल्या खोलीत.