‘एसीत बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गगनयानावरच्या (भारताच्या स्वतःच्या यानातून माणूस अवकाशात पाठवण्याच्या इस्रोच्या मोहिमेवरच्या) माझ्या गेल्या लेखाखाली ‘एक जुना ठाणेकर’ अशा सहीने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच लिहायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. प्रतिक्रिया छोटी आहे, जशीच्या तशी देतो:

“चंद्रयान-३ सव्वासहाशे कोटींच्या आत चंद्रावर उतरलं, मग माणूस पाठवायला वीस हजार कोटी कशाला? शुभांशु शुक्लाही विकतच्या खुर्चीवरूनच गेले. यंत्र बिघडलं तर दुसरं बनवता येतं, कल्पना चावला परत आली का? साराभाईंनीच सांगितलं होतं की मानवी उड्डाणात श्रीमंत देशांशी चढाओढ करायचं आपल्या मनात नाही. एसीत बसून दुसऱ्याचं पोरगं रॉकेटवर बसवायला काय जातं?”

आधीच्या वाक्यांत गगनयान आहे, शेवटच्यात मी आहे. तेव्हा शेवटापासूनच सुरुवात करतो.

हो, घरी एसी आहे. मे महिन्यात ठाण्यात राहणाऱ्या माणसाने एसी लावणं हा गुन्हा कधीपासून झाला, तेवढं कळवा. आणि तुम्ही जुने ठाणेकर असाल, पण मीही काही घोडबंदरच्या टॉवरांबरोबर उगवलेलो नाही. किसननगरच्या चाळीत वाढलो. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. तो कारखाना आता नाही, त्या जागी काचेची इमारत आहे आणि तिच्यात सगळीकडे एसी आहेत, हे तुमच्या माहितीसाठी.

प्रेसच्या तोंडाशी जाळीचा गार्ड असतो, हात आत जाऊ नये म्हणून. गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात. म्हणून सुपरवायझर तो काढून ठेवायला लावायचा आणि तपासणीचा साहेब येणार असला की परत बसवायला सांगायचा. राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसमध्ये गेली. मालकाने हातावर काय टेकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई पुढे बरीच वर्षं त्यांना आमटी-भात कालवून द्यायची, कारण डाव्या हाताने जेवायला ते तयार नव्हते. तेव्हा दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणजे काय, हे मला निदान तुमच्याकडून शिकायचं नाही. या विषयात मी जे काही वाचतो, त्यात सगळ्यात आधी गार्ड कुठे आहे तेच बघतो.

आणि गगनयानाला गार्ड आहे. लेखात त्यावर दोन परिच्छेद होते, तुम्ही तिथवर पोचला नसाल. रॉकेटच्या टोकावर क्रू एस्केप सिस्टिम बसवलेली असते: खाली काही बिनसलं तर घन इंधनाच्या मोटरी पेटतात आणि अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून ओढून लांब नेतात, पुढे पॅराशूट. २१ ऑक्टोबर २०२३ ला इस्रोने श्रीहरिकोट्यात याची चाचणी केली. सुटायला पाच सेकंद उरले असताना संगणकाने स्वतःहून उड्डाण थांबवलं. कारण शोधून, दुरुस्त करून त्याच सकाळी दहा वाजता पुन्हा सोडलं. बारा किलोमीटरच्या आसपास कुपी सुटी झाली, बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती उचलून आणली. माणूस बसण्याआधी रिकामी उड्डाणं होणार आहेत, त्यात व्योममित्र ही यंत्रमानव बसणार आहे. घाईत कुणी कुणाला चढवत नाहीये.

ही व्यवस्था कागदावरची नाही. २६ सप्टेंबर १९८३ ला बैकानूरच्या सोव्हिएत तळावर सोयूझ रॉकेट उड्डाणाआधी जागेवरच पेटलं. वर तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह हे दोघे अंतराळवीर बसलेले होते. टोकावरच्या अशाच यंत्रणेने, म्हणजे एस्केप टॉवरने, त्यांना त्या आगीतून उपसून बाहेर काढलं, दोघेही जगले. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, ३ एप्रिल १९८४ ला, आपले राकेश शर्मा त्याच जातीच्या रॉकेटवर चढले. टॉवर खरंच काम करतो हे माहीत असल्यावर माणूस वेगळ्या मनाने चढत असणार.

आता कल्पना चावला. (‘परत आली का’. एकेरीत. असो.) त्या ज्यातून गेल्या त्या अमेरिकेच्या स्पेस शटलला असा टॉवर नव्हताच. १ फेब्रुवारी २००३ ला त्यांचं शटल कोलंबिया परतताना फुटलं आणि सात जण गेले, त्याचं मूळ दोन आठवड्यांपूर्वीच्या उड्डाणात होतं: बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. काही अभियंत्यांना पंखाचे फोटो काढून हवे होते, ते वरून नाकारलं गेलं. १९८६ च्या चॅलेंजर या दुसऱ्या शटलच्या वेळी तर बूस्टर (शटलला वर ढकलणारी बाजूची रॉकेटं) बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं की इतक्या थंडीत ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) दगा देतील, उडवू नका. तरी उडवलं. तिथेही सातच जण. या दोन्ही ठिकाणी मला वागळे इस्टेटचा तो सुपरवायझर दिसतो. म्हणून मी म्हणतो, जाब त्याला विचारा. प्रेस बंद करा असं आमच्या वडिलांनीही कधी म्हटलं नाही.

‘दुसऱ्याचं पोरगं’ हे तर मला फारच लागलं. गगनयानासाठी निवडलेले चौघे बघा: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. कुणीही न उडवलेली विमानं पहिल्यांदा उडवणं हा यांचा पेशा. बंगळुरूत वैद्यकीय चाळणीतून निघाले, रशियात गागारिन केंद्रात शिकले. यांना ‘बसवणारा’ मी कोण? त्यांच्या निवडीला पोरगं म्हणून उडवून लावणं हा त्यांचा मान की अपमान, ते तुम्हीच ठरवा.

शुक्लांची जागा विकतची होती हे तुमचं बरोबर आहे. मोहीम ॲक्सिऑम-४, यान स्पेसएक्सचं, जून २०२५ मध्ये फ्लोरिडातून गेले, आपल्याला साधारण साडेपाचशे कोटी पडले. हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही, मी ते कधी नाकारलंही नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. वीस हजार कोटी (नेमके २०,१९३) हे एका उड्डाणाचे नाहीत. २०१८ मध्ये मंजूर झाले होते ९,०२३ कोटी. सप्टेंबर २०२४ मध्ये आकडा वाढवला तेव्हा त्यात एकूण आठ मोहिमा आणि भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आला, मुदत डिसेंबर २०२८. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याला साडेसोळा हजार कोटींच्या वर सांगितलेत, बारा किलोमीटरही नाही तो. मी त्या बोगद्याच्या बाजूने आहे, कापूरबावडीला अडकणारा प्रत्येक जण असतो. पण तिथे कुणी ‘एवढे कशाला’ विचारलं की तुम्हीच त्याला वेड्यात काढाल.

यंत्रं स्वस्त पडतात, कबूल. अपोलो-१७ च्या दोघांनी चंद्रावर तीन दिवसांत गाडीने सुमारे ३५ किलोमीटर पालथे घातले. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या यंत्रगाडीला ४२ किलोमीटरला अकरा वर्षं लागली. अपोलोने ३८२ किलो दगडमाती आणली, सोव्हिएत लूना यंत्रांनी तीन खेपांत मिळून अर्धा किलोही नाही. यावर आणखी पुष्कळ लिहिता येईल, पण तुमचा रोख तिकडे नव्हताच.

साराभाईंचं ते म्हणणं खरं आहे. १९६० च्या दशकातलं आहे, थुंब्याच्या रॉकेट तळावर रॉकेटचे भाग सायकलवरून नेत होते तेव्हाचं. आज ते असते तर काय म्हणाले असते हे ना तुम्हाला माहीत, ना मला. त्यांना मध्ये आणू नका.

यापुढे लिहाल तर नावानिशी लिहा, मी छापेन. तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी तिघांनी ‘सहमत’ एवढंच लिहिलंय. त्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही.