सातपुड्यात सोडून देणं हा उपाय नाही

चोपड्याला माझ्या भाच्याच्या एका मित्राने दोन पाळीव साप एकाच काचेच्या पेटीत ठेवले होते. कॉर्न स्नेकची मादी आणि कॅलिफोर्निया किंग स्नेकचा नर. दोन्ही मूळचे अमेरिकेतले, दोन्ही बिनविषारी. जाती वेगळ्या आहेत म्हटल्यावर काही घडणार नाही, असं तो धरून चालला होता. या पावसाळ्यात मादीने अंडी घातली आणि त्यातल्या बहुतेकांतून पिल्लं बाहेर आली.

मग आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. माझा मोठा भाऊ म्हणाला, "मारू नको रे भो, पाप लागी. सातपुड्यात सोडी दे." दुसऱ्या कुणाला त्यात पैसा दिसला. असा साप अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही, पुण्या-मुंबईकडे हातोहात जाईल. भाच्याने मला विचारलं, "फुई, तिकडे असं झालं तर काय करतात?"

मी अमेरिकेत ओहायोत राहते आणि स्वतः कॉर्न स्नेक पाळते. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. या दोन जातींच्या संकराला इथे ‘जंगल कॉर्न’ असं नावही आहे. पिल्लं धडधाकट असतात आणि पुढे त्यांनाही पिल्लं होऊ शकतात. खरी अडचण इथेच आहे. काहींच्या पाठीवर कॉर्नचे तांबूस ठिपके, काहींच्या अंगावर किंगचे पट्टे, काहींवर दोन्हींची सरमिसळ. एखादं पिल्लू तर हुबेहूब कॉर्नसारखं निघतं. ते दोनदा हात बदलून कॉर्न म्हणून विकलं गेलं, की पुढच्या पिढ्यांत काय मिसळलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे नाग आणि धामण यांची जोडी असते, असं शपथेवर सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. नाग आणि धामण ही वेगवेगळी कुळं आहेत, त्यांचा संकर होत नाही. शेताच्या बांधावर पीळ घालून उभे राहिलेले जे दोन साप लोक हात जोडून पाहतात, ते बहुतेक वेळा दोन नर धामण असतात, एकमेकांना खाली दाबायला झटणारे. जिथे संकर होत नाही तिथे आपण तो मानतो, आणि जिथे खरंच होतो, एकाच कुळातल्या कॉर्न आणि किंगमध्ये, तिथे निर्धास्त राहतो.

भावाचं म्हणणं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या लहानपणी केळीच्या बागेत साप निघाला की काठीच उचलली जायची. आता सर्पमित्राला फोन जातो, तो येतो, साप पिशवीत घालतो, रानात सोडतो. खान्देशात हा बदल माझ्या डोळ्यांसमोर झाला आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. साप मारायचा नाही, सोडायचा, हे आता लोकांच्या अंगवळणी पडलंय. धामणीसाठी, तस्करासाठी, घोणशीसाठी ते बरोबरच आहे, कारण ते साप त्याच मातीतले आहेत. चोपड्याच्या त्या पेटीतली पिल्लं सातपुड्यातली नाहीत. जी सवय देशी सापाला वाचवते, तीच इथे घात करेल.

फ्लोरिडात काय झालं ते इथे राहणाऱ्या प्रत्येक साप पाळणाऱ्याला माहीत असतं. पाळलेले बर्मी अजगर सुटले, काही लोकांनी नकोसे झाले म्हणून सोडले, आणि एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत त्यांनी बस्तान मांडलं. तिथले रॅकून, ससे, ओपॉसम दिसेनासे झाले. अजगरांबरोबर आशियातला एक फुफ्फुसातला परजीवीही गेला आणि तो तिथल्या देशी सापांत पसरला. २०१८ साली अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या सुमारे ४०० अजगरांची जनुकं तपासली, तेव्हा १३ जणांत भारतीय अजगराचा अंश निघाला. हा संकर ते रानात स्थिरावण्याआधीच कधीतरी झाला असावा, असं त्यांचं मत आहे. भारतीय अजगर म्हणजे आपल्या सातपुड्यातला अजगर.

इथे अशी चुकून झालेली अंडी सापडली, तर जाणकार लोक ती लगेच, पहिल्या एक-दोन दिवसांत, फ्रीजरमध्ये ठेवतात. ऐकायला क्रूर वाटतं. सापाचं अंडं बाहेर येतं तेव्हाच आत गर्भाची वाढ सुरू झालेली असते, म्हणून मलाही ते सोपं वाटत नाही. पण थांबलो की पुढचा प्रत्येक दिवस जास्त कठीण. अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की कवचाच्या आत लाल शिरांचं जाळं दिसतं, आणि ते एकदा पाहिलं की हात पुढे होत नाही. पिल्लं बाहेर आल्यावर तर फ्रीजरचा विषयच संपतो. जिवंत साप गोठवणं पशुवैद्यांच्या मते अमानुष आहे. मग ती पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत वाढवायची, प्रत्येकावर ‘संकर’ असं स्पष्ट लिहायचं, त्यांच्यापासून पुढे पैदास करायची नाही, आणि द्यायची तर सगळं सांगून, ओळखीच्या माणसाला. वेगवेगळे डबे यासाठी की किंग स्नेक दुसरे साप खातो, अगदी विषारी रॅटलस्नेकसुद्धा, आणि ही भूक पिल्लांतही उतरू शकते.

अमेरिकेत सगळं नीट चालतं असं मी म्हणत नाही. रंगीत संकर मुद्दाम तयार करून विकणारेही इथेच आहेत आणि मला ते पटत नाही. पण इथे पिल्लं घेणारी आश्रयघरं आहेत, कुणाला तोंड लपवावं लागत नाही. आपल्याकडे त्या मुलाने जायचं कुठे? बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक मुंबई विमानतळावर पकडले जातात, आणि बाजारातला माल कुठून आला हे विकणाराही सांगत नाही. २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या प्राण्यांची नोंद सक्तीची झाली आहे. बॉल पायथन त्या यादीत आहे, म्हणजे त्याला पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. कॉर्न आणि किंग स्नेक त्या यादीत नाहीत, त्यामुळे या पिल्लांची नोंद कुठेच होत नाही. वन विभागाने नोंद नसलेले परदेशी साप, चौकशीची भीती न दाखवता, जमा करून घ्यायला हवेत. नाहीतर घाबरलेली मुलं रात्री मोटारसायकल काढून सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवच्या पुढे जाऊन डबा उघडतील.

भाच्याला मी सांगितलंय की पिल्लं कुठेही सोडायची नाहीत आणि विकायची तर अजिबात नाहीत. नर आणि मादी आजच वेगळे करायचे. मात्र मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ती एकटी असली तरी पेटीतला ओलसर कोपरा रोज पाहायचा, आणि अंडी दिसली की त्याच दिवशी मला फोन करायचा.