लग्न मोडलं की समुद्रावर जायचं नाही?

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकाच फोटोवरून रण माजलंय. फोटोत पाच मुली हरिहरेश्वरच्या समुद्रावर उभ्या आहेत, त्यातली एक माझी भाची. तिचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं. साखरपुडा झाला होता, कार्यालयाला पैसे भरले होते, निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुलाने एका संध्याकाळी फोन केला, 'मला नाही जमणार' म्हणाला आणि विषय संपवला. पोर सांगलीच्या घरी खोलीचं दार लावून पडून राहिली आणि मग बॅग भरून पुण्याला, कर्वेनगरच्या फ्लॅटवर मैत्रिणींकडे निघून गेली. फोटोत ती हसतेय, आणि तेच कुणाला बघवत नाहीये.

तात्यांनी लिहिलं, 'आमच्या वेळी असली दुःखं घरातल्या घरात जिरायची. आता मैत्रिणी गोळा करून तमाशा.' मोठ्या काकूंनी खाली जोडलेले हात टाकले. मी भाचीच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, 'तुमच्या लंडनला चालत असेल.' मी राहते लंडनबाहेरच्या रेडिंगला, पण असो.

'घरातल्या घरात जिरायची' म्हणे! तात्या, जिरत नव्हती, तुमची झोप होईपर्यंत दळली जात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. नवऱ्याचा मार, सवत, मेलेलं लेकरू, सगळं त्यांत आहे. पहाटे जात्याचा खुंटा धरायला समोर दुसरी बाई असायची आणि ओवीतली शेजी तर ऐकायला हजरच. घरातले पुरुष तेव्हा आतल्या खोलीत घोरत होते, म्हणून त्यांना वाटतं, बायका गप्प होत्या.

माणूस गेलं तर आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. शेजारून पिठलंभात येतो, दहावं-तेरावं होतं, बायका येऊन नुसत्या बसून राहतात. ठरलेलं लग्न मोडलं तर मात्र कुणी डबा आणत नाही, 'कशामुळे मोडलं?' एवढं विचारायला येतात. मुलाकडच्यांना हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. भाचीच्या आईने त्या दिवसांत दारात रांगोळीसुद्धा काढली नाही, लोक पाहतील म्हणून. आणि फ्लॅटवर? एकीने मुलाचा नंबर हिच्या फोनमधून काढून टाकला, दुसरीने ऑफिसात हिची शिफ्ट सांभाळली, तिसरी रात्री हिच्या शेजारी गादी टाकून झोपायची. हे जर तमाशात मोडत असेल, तर तेराव्याला आपण काय करतो?

इकडे लाज हा विषय निदान लोकांनी गंभीरपणे घेतलाय. १९३५ साली चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्याने लिंकनमध्ये एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी आली होती. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिने तो भयंकर रोग समजला आणि जीव दिला. त्याच पाद्र्याने १९५३ मध्ये लंडनच्या एका चर्चमधून जीव द्यायला निघालेल्यांचं ऐकून घेणारा समॅरिटन्सचा टेलिफोन सुरू केला, तो अजून रात्रंदिवस चालू आहे. २०१८ मध्ये तर एकटेपणासाठी मंत्री नेमला सरकारने. हे मी ग्रुपवर ऐटीत लिहून टाकलं. तात्यांनी विचारलं, 'एवढी माणसं एकटी आहेत तिथे?'

उत्तर मी दिलं नाही. माझा घटस्फोट इथेच झाला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फिट नोट (आजारपणाच्या रजेची चिठ्ठी) दिली, टॉकिंग थेरपीवाल्या समुपदेशकांचा ठरल्या वेळी फोन यायचा, टीमने कार्ड पाठवलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. कुणी वावगं बोललं नाही. बेल न वाजवता आत येऊन, पडदे उघडून 'ऊठ, आंघोळ कर' म्हणणारंही कुणी नव्हतं. मंडळाच्या गणपतीला मी त्या वर्षी गेले नाही. मोदकाच्या ताटासमोर 'हे नाही आले?' ऐकायची ताकद नव्हती. म्हणजे सांगलीतली लाज मी हीथ्रोवरून बिनबोभाट आत आणली होती, तीही इतकी वर्षं जपून. माहेरी तर वर्षभर पत्ताच लागू दिला नाही. तेव्हा भाचीचा फोटो पाहून मला आधी कौतुक वाटलं असं मी म्हणत असले, तरी त्याच्याही आधी हेवा वाटला होता.

काल मोठ्या काकूंचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. 'तिला चार महिने तुझ्याकडे पाठवू या का? हवापालट होईल, लोकही विसरतील.' पाच हजार मैलांवर नेऊन ठेवली की पोरगी सावरेल, असा हिशेब दिसतोय. मी दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी चारला अंधार, आणि ती खिडकीतून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे बिन मोजत बसणार. मी काकूंना कळवलंय की पाठवायचीच असेल तर त्या चौघींचीही तिकिटं काढा. व्हिसाची पत्रं मी देते. दोघी हॉलमधल्या सोफाबेडवर झोपतील, बाकीच्यांचं बघू. काकूंनी मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.