रेडिओवाले कसे गाठावेत

'डिजिटल युगातील रेडिओचे स्थान' हा विषय प्रबंधाला मिळाला ना? छान. मागच्या बॅचलाही हाच होता, म्हणजे चालणारा आहे. आता रेडिओत काम करणारी माणसं हवीत. त्यासाठी रेडिओ मात्र लावू नका. वेळ जातो, आणि ऐकता ऐकता एखादा खरा प्रश्न सुचायचा धोका असतो.

इन्स्टाग्रामवर 'आरजे' शोधा. फॉलोअर सगळ्यात जास्त ज्याचे, तो तज्ज्ञ. त्याने स्टुडिओ सोडून हल्ली लग्नांचं सूत्रसंचालन धरलं असलं तरी हरकत नाही, प्रोफाइल फोटोत माइक आहे. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या वाटेला जाऊ नका. ड्यूटीमागे मानधन घेणारी, पहाटेच्या प्रसारण सभेला वेळेवर हजर होणारी ही माणसं. रील्स टाकत नाहीत, तेव्हा त्यांना रेडिओतलं काय कळणार?

पुणे विद्यापीठात असाल तर आवारातच 'विद्यावाणी' हे रेडिओ केंद्र आहे, १०७.४ वर. चालत जाता येतं, म्हणूनच टाळा. चालत गेल्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. परिशिष्टात काय लावणार? सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, ९०.४ वर. तिथे तर मुळीच नको. कोण ऐकतं आणि का ऐकतं, हे ती मंडळी नावानिशी सांगतील आणि 'रेडिओ मरतोय' हे तुमचं गृहीतक पहिल्याच दिवशी आडवं होईल.

मेसेज कसा असावा? 'हाय सर.' बस. निवेदिका असली तरी 'हाय सर'च. संशोधकाने लिंगभाव पाळू नये. ती ऑन एअर असतानाच पाठवा आणि दहा मिनिटांत दोन प्रश्नचिन्हं टाका. उत्तर आलंच तर चाळीस प्रश्नांचा गूगल फॉर्म 'आज रात्रीपर्यंत' म्हणून सोडा. त्यात 'रेडिओचं भविष्य काय?' हा प्रश्न हवाच, उत्तरासाठी पर्याय दोन: होय, नाही.

खासगी एफएमवाला भेटलाच तर खडसावून विचारा, 'तुम्ही स्वतःच्या बातम्या का देत नाही?' सरकारी नियमांनुसार त्यांना स्वतःचं बातमीपत्र करता येत नाही, आकाशवाणीचंच पुनःप्रसारित करता येतं, हे आधी वाचून जाणं म्हणजे प्रश्नातली धार घालवणं. त्याने मेसेज नुसता 'सीन' करून सोडला, की 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात लिहा: माध्यमकर्मींची संशोधनाविषयी अनास्था.

शेवटी कुणीच फॉर्म भरला नाही तर होस्टेलवरचे मित्र आहेतच. त्यातल्या एकाने पॉडकास्टचं नाव तरी ठरवलेलं असतं, तो 'ध्वनिमाध्यम व्यावसायिक'. तिघांपैकी दोघांनी 'होय' म्हटलं की ६६.७ टक्के लिहा. दशांश चिन्ह दिसलं की गाईड पान उलटतात.